महिनाभराचे चित्र बाद झाले तर

कॉलेजात गेम बनवणाऱ्या गटातल्या चित्रकार मुलीने महिनाभर रंगवलेला बाजार एका बैठकीत बाद होतो. कारण काय, तर मोबाइलवर गेम अडखळतो. आम्हा पहूरकरांच्या गावावरूनच अजिंठ्याचा रस्ता जातो. तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केल्या. लंडनला पाठवलेल्यांपैकी कितीतरी 1885 च्या आगीत जळाल्या. तरी 1896-97 मध्ये त्या कामाचा ग्रंथ निघालाच.

मुलामुलींनी कच्ची रेखाटनेच आधी गटाला दाखवावीत, बाद झालेल्या चित्राची मूळ फाइलही दोन ठिकाणी जपावी. आणि अम्मी-अब्बांनी ‘सोड ते, बी.एड. कर’ म्हणण्याआधी (आम्ही स्वतः बी.एड.च आहोत!) तो बाजार एकदा पाहायला मागावा.