उजेडाचं तोंड कुणाकडे?

पुण्याच्या मार्केट यार्डाला शनिवारी सुट्टी असते, आणि रविवारचा बाजार शनिवारी रात्रीच जागा होतो. थंडीतल्या अशाच एका रात्री एकच्या सुमाराला मी गुलटेकडीला फळे-भाजीपाला विभागात पोचलो, तेव्हा गाड्या लागायला सुरुवात झाली होती. मध्य प्रदेशातून मटार, साताऱ्याकडून आलं, आग्र्याहून बटाटा, पुरंदर-जुन्नरकडून टोमॅटो. मला त्या रात्री भाजी घ्यायची नव्हती. मला उजेड बघायचा होता.

हा बाजार अंधारात भरतो. शेतकऱ्यानं तीन महिने उन्हात राबून आणलेल्या मालाचा भाव सूर्य उगवायच्या आत ठरतो, आणि ठरतो तो दिव्याखाली. मालाचा रंग दिव्याखाली पाहिला जातो, वजनाचा आकडा दिव्यानंच उमटतो, पोतं पाठीवर घेऊन उतरणारा हमाल पाय कुठे टाकायचा ते दिव्यातच शोधतो. आडते, तोलणार आणि हमाल यांच्याइतकाच दिवाही या व्यवहारात सामील आहे. तो आपलं काम नीट करतो का, एवढं मला जवळून पाहायचं होतं.

पहिला धडा फाटकापाशीच मिळाला. एका ट्रकच्या मागच्या फळीवर लाल चमकपट्टी होती. मागून टेम्पो आला की ती पेटल्यासारखी दिसायची आणि टेम्पो वळला की विझायची. मी खिशातली बॅटरी काढून कानाजवळ धरली आणि पट्टीवर झोत टाकला. पट्टी लखलखली. मग तोच हात बाजूला लांब केला. झोत पट्टीवरच होता, पण मला ती जवळजवळ विझलेली दिसली.

साध्या आरशावर तिरका उजेड टाकला तर तो भलतीकडेच जातो. या पट्टीत मात्र डोळ्याला न दिसणारे बारीक लोलक असतात. प्रत्येक लोलकाच्या तीन बाजू खोलीच्या कोपऱ्यासारख्या, एकमेकींशी काटकोनात. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तिन्ही भिंतींवर आपटतो आणि आला त्याच दिशेला परत जातो. म्हणजे दिव्याचा उजेड दिव्याकडेच परततो. गाडीचा चालक दिव्याच्या जवळच बसलेला असल्यामुळे तो त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असेच शंभर लोलक ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत ते पृथ्वीकडेच परत पाठवतात, आणि त्याला लागलेल्या वेळावरून चंद्राचं अंतर मोजता येतं. आपल्याकडे ट्रकसारख्या गाड्यांना पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल पट्टी लावायचा नियम आहे. थंडीत रात्रीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी असते, तेव्हा मागून येणाऱ्याचा जीव या पट्टीवर अवलंबून असतो. माझ्यासमोरच्या एका ट्रकची पट्टी चिखलानं पार झाकून गेली होती. क्लीनरनं ओलं फडकं फिरवलं आणि दोन मिनिटांत ती पुन्हा जिवंत झाली.

आत गेलो. वर खांबांवर एलईडीचे दिवे होते. एलईडीचा कण तांदळाच्या दाण्याएवढा असतो, आणि मोकळा सोडला तर त्याचा उजेड समोर सगळीकडे पसरतो. खांबाच्या पायथ्याशी भगभगाट होतो आणि दोन खांबांच्या मधे काळोख राहतो. म्हणून रस्त्यासाठी बनवलेल्या दिव्यात प्रत्येक कणावर प्लॅस्टिकचं छोटं भिंग बसवतात. ते पोटात थोडं दबलेलं, घेवड्याच्या दाण्यासारखं असतं. पायथ्याशी पडणारा जादा उजेड ते उचलून दोन्ही बाजूंना, रस्त्याच्या लांबीवर टाकतं. उजेड तेवढाच असतो, फक्त त्याची वाटणी बदलते. फ्रान्समध्ये फ्रेनेल या अभियंत्यानं १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहावर कंगोऱ्यांचं भिंग चढवलं तेही याच विचारानं. ज्योत मोठी करण्यापेक्षा तिचा वाया जाणारा उजेड वळवून समुद्राकडे पाठवायचा.

कांदा-बटाटा विभागात पोती उतरत होती. ट्रकला फळी लावलेली, हमाल पाठीवर पोतं घेऊन खाली मान घालून उतरतोय. एका ठिकाणी मी बराच वेळ उभा राहिलो. तिथे गाळ्याच्या तोंडाशी एकच उघडा, झगझगीत दिवा होता. उजेडाची काहीच कमी नव्हती. पण ट्रककडे जाताना दिवा हमालाच्या पाठीमागे यायचा आणि त्याचीच सावली त्याच्या पुढच्या पावलावर पडायची. पोतं घेऊन परत येताना तोच दिवा डोळ्यांत घुसायचा. दर खेपेला फळीच्या टोकाशी त्याचं पाऊल क्षणभर थबकायचं आणि अंगठ्यानं चाचपून पुढे पडायचं.

"काका, दिसत नाही का तिथं?" मी विचारलं.

"उजेड लई हाय दादा," ते म्हणाले. "पण पायाखाली न्हाय."

उजेडाच्या तंत्रावरची पुस्तकं जे पानंपानं सांगतात, ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. दोन गाळे सोडून पुढे दोन लहान दिवे होते, फळीच्या दोन बाजूंना, वर टोपण असलेले. तिथे सावल्या एकमेकींना पुसत होत्या आणि दिवा डोळ्यांना दिसतच नव्हता, दिसत होती ती फळी. तिथल्या हमालांची पावलं कुठेच थबकत नव्हती.

काकांनी जुने पिवळे दिवेही पाहिले होते. ते सोडियमचे. सोडियमच्या वाफेचा उजेड प्रामुख्यानं पिवळ्याच्या आसपासचा असतो, त्यामुळे त्यात बाकीचे रंग मरतात. लाल तपकिरी दिसतो, हिरवा मळकट होतो. काका म्हणाले, तेव्हा व्यापारी माल बघायला हातात बॅटरी घेऊन फिरायचे.

आता उजेड पांढरा आहे, पण हा पांढराही मुळात निळा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी तयार झाला. त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्या कणावर पिवळं चमकणारं लुकण चढवलं की दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. मात्र स्वस्त दिव्याच्या या पांढऱ्यात गडद लाल फार थोडा असतो. जो रंग दिव्यातच नाही, तो मालावरून परत कसा येणार?

फळांच्या बाजूला मी एक डाळिंब हातात घेऊन हे तपासलं. गार पांढऱ्या पट्टीखाली ते विटकरी, थोडं शिळं वाटलं. चार पावलांवर जुन्या तारेचा पिवळा बल्ब लटकत होता. त्याच्याखाली तेच डाळिंब लालभडक झालं. दोन्ही ठिकाणी फळ एकच, पण भाव करणाऱ्याचं मन दोन्हीकडे वेगळं झालं असतं. दिव्याच्या खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात छापलेले असतात. रंग किती खरा दिसेल हेही काही खोक्यांवर शंभरपैकी गुणांनी दिलेलं असतं, पण ते कोपऱ्यात. बाजारात दिवा घेणाऱ्यानं आधी तो कोपरा वाचावा.

तीनच्या सुमाराला एका आडत्याच्या पेढीत चहा मिळाला. छताला दोन फूट बाय दोन फुटांचा पॅनल होता, सगळीकडे सारखा उजळलेला. त्याच्या आत सपाट दिवा असेल असं वाटतं, पण दिवे असतात फक्त चौकटीच्या कडांना. मधे ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी असते. कडेनं शिरलेला उजेड त्या पाटीत अडकतो, कारण आतून पृष्ठभागावर फार तिरका आपटलेला किरण बाहेर पडू शकत नाही, आतच उलटतो. ॲक्रिलिकसाठी ही मर्यादा सुमारे ४२ अंशांची. शाळेत आपण याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून शिकलो. १८४१ च्या सुमाराला जिनिव्हात कोलाडों या शास्त्रज्ञानं पाण्याच्या वाकलेल्या धारेतून उजेड वळवून दाखवला, आणि १९५४ साली पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवलं. मूळ गोष्ट तीच.

पण कायमचा अडकलेला उजेड कुणाच्या कामाचा? म्हणून पाटीच्या पाठीवर बारीक ठिपके उमटवतात. ठिपक्यावर आपटलेला किरण वाट चुकतो आणि बाहेर पडतो. कडेजवळ, जिथे उजेड मुबलक, तिथे ठिपके विरळ असतात. मध्याकडे, जिथे उजेड थकून पोचतो, तिथे दाट. त्यामुळे चारही कोपऱ्यांना आणि मध्याला सारखाच वाटा मिळतो. पेढीवरच्या पोराच्या हातातल्या मोबाइलच्या पडद्यामागेही बहुधा अशीच पातळ पाटी होती. एकाच युक्तीनं छतही उजळतं आणि पडदाही.

त्या रात्री सगळ्यात महत्त्वाचं जे पाहिलं ते मात्र वजनकाट्यापाशी.

साडेचारला टोमॅटोचे क्रेट काट्यावर चढत होते. तोलणार आकडा मोठ्यानं पुकारत होता, "बावीस चारशे! एकवीस नऊशे!" पुरंदरकडचे एक वयस्कर शेतकरी पलीकडे उभे होते. काट्याच्या पडद्याचं तोंड तोलणाऱ्याकडे. हे शेतकरी काका दर क्रेटला मान वाकडी करून बघत आणि मग कागदावर लिहीत.

"दिसतंय का काका?"

"अंधुक दिसतं. ऐकून लिहितो."

मी त्यांच्या जागी जाऊन उभा राहिलो. खरंच, बाजूनं आकडे राखेसारखे फिकट दिसत होते. त्याचं कारण त्या पडद्याच्या जातीत आहे. करड्या पडद्यावरचे काळे आकडे द्रव स्फटिकांचे असतात. पुढे-मागे दोन पापुद्रे, एक उभ्या कंपनाचा उजेड सोडणारा, दुसरा आडव्या. मधले लांबट रेणू जिन्यासारखे नव्वद अंश वळत गेलेले. उजेड त्या जिन्यानं वळतो आणि पलीकडे निघतो. वीज दिली की जिना मोडतो, उजेड अडतो, आकडा काळा उमटतो. १९७० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फ्रिख यांनी ही रचना साधली. पण समोरून मोडलेला दिसणारा जिना बाजूनं पूर्ण मोडलेला दिसत नाही, म्हणून आकडा तिथून फिका पडतो.

यावरच्या उपायाची एक वाट आपल्याकडून गेली आहे. नागपूर विद्यापीठातून १९५१ साली भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत गेले. तिथे १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की चकतीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रव स्फटिक होतात. तोवर लांबट रेणूंचेच माहीत होते. पुढे १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीनं अशाच चकत्यांचा पापुद्रा पडद्यावर चढवला आणि बाजूनं बघणाऱ्यालाही चित्र नीट दिसू लागलं. दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांच्या पडद्यांना त्याचा लाभ झाला. काट्याच्या साध्या पडद्यावर असा पापुद्रा सहसा नसतो.

शेजारच्या ओळीत दुसरा काटा होता, लाल आकड्यांचा. तिथे प्रत्येक रेघ स्वतःच उजळते, म्हणून बाजूनंही वाचता येते. पुढे लाल रंगाची काच असते ती शोभेची नाही. छतावरच्या पांढऱ्या उजेडातला लाल सोडून बाकीचा भाग ती शोषते, त्यामुळे न पेटलेल्या रेघा काळ्या राहतात आणि तिनाचा आठ वाटत नाही. या काट्याला मागच्या बाजूलाही तसाच दुसरा पडदा होता, शेतकऱ्याकडे तोंड केलेला. तिथला तरुण शेतकरी पहिले तीन-चार क्रेट लक्ष देऊन बघत होता. नंतर त्यानं बघणं सोडलं, क्रेटला खांदा लावला आणि तोलणाऱ्याशी घरच्या गोष्टी बोलू लागला.

पहिल्या काट्यावरही वजनात काही खोट नव्हती. मी दहा क्रेटचे आकडे पुढे जाऊन पडद्यावर वाचले आणि काकांच्या कागदाशी जुळवले, सगळे जुळले. पण त्या काकांना शेवटच्या क्रेटपर्यंत मान वाकडी करावी लागली, आणि या तरुणाला चौथ्या क्रेटनंतर बघावंही लागलं नाही. एवढा फरक फक्त पडद्याच्या तोंडामुळे.

साडेसहानंतर उजाडू लागलं. छतातल्या पारदर्शक पत्र्यांमधून पहिला मवाळ उजेड खाली उतरला आणि मेथी मेथीसारखी हिरवी दिसली. टोमॅटो सगळ्या गाळ्यांवर एकाच लाल रंगाचे झाले. तोवर बराचसा माल विकला गेला होता, शेतकरी काकांची हिशोबपट्टीही झाली होती.

म्हणून दिवा किंवा काटा विकत घेणाऱ्या प्रत्येक आडत्याला, प्रत्येक दुकानदाराला हात जोडून तीन गोष्टी मागतो. हमालाच्या फळीला दोन बाजूंनी टोपणाचे दिवे लावा. माल दाखवायचा दिवा रंगाचे गुण वाचून घ्या. आणि काटा दोन्ही बाजूंना आकडा दाखवणारा घ्या, ते जमत नसेल तर आहे तोच काटा फिरवून आडवा ठेवा, म्हणजे तोलणारा आणि शेतकरी दोघांनाही आकडा सारखाच दिसेल. काटा फिरवायला तर एक पैसाही लागत नाही.