कमी लागणारा दम

गेल्या उन्हाळ्यात चौदा वर्षांचा एक मुलगा वडिलांसोबत माझ्याकडे आला. आठशे मीटर धावण्याच्या स्पर्धेची तयारी चालू होती. तक्रार होती छातीत धडधडण्याची आणि रात्री झोप न येण्याची. वजन 40 किलो. सरावापूर्वी घ्यावयाच्या पावडरीचा डबा त्याने पिशवीतून मोठ्या अभिमानाने काढला. एका मापात 200 मिलिग्रॅम कॅफीन. हा दोन मापे घेत असे. "पण डॉक्टरकाका, पळणं खरंच सोपं वाटतं!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. श्रम किती जाणवतात हे मोजण्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी 6 ते 20 अंकांची श्रेणी तयार केली. तिच्या आधारे झालेल्या 21 अभ्यासांचा आढावा डोहर्टी व स्मिथ यांनी 2005 मध्ये घेतला. व्यायाम चालू असताना जाणवणारे श्रम कॅफीनमुळे सरासरी 5.6 टक्क्यांनी कमी झालेले आढळले. मात्र पूर्ण थकव्याच्या क्षणी हा फरक उरला नाही. थकव्याचा निरोप देणाऱ्या ॲडेनोसिनची मेंदूतील जागा कॅफीन अडवून बसते, इतकेच. निरोप अडतो, हृदयाचे काम कमी होत नाही. (डब्यातील बीटा-ॲलानिनने अंगाला मुंग्या येतात. मुलांना वाटते, औषध 'लागू' पडले!)

प्रौढ खेळाडूंसाठी कॅफीन 2004 पासून निषिद्ध यादीत नाही, आणि किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम मात्रेचा त्यांना लाभही होतो. मुलांचा हिशेब निराळा. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये मुलांसाठी दिवसाला किलोमागे 3 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण चिंतेचे नाही असे मानले. या मुलासाठी ते 120 मिलिग्रॅम. तो घेत होता 400. शिवाय बेळगावचा एप्रिल. 'दम लागला, थांब' ही तालमीतल्या वस्तादांची हाक ज्या जाणिवेवर विसंबते, तीच आपण मुलाच्या हातून काढून घेत होतो.

ईसीजी सुदैवाने निर्दोष निघाला. डबा बंद केला. वडील नाराज दिसले. त्यांनी त्यासाठी बरेच पैसे मोजले होते.

तीन आठवड्यांनी मुलगा एकटाच आला. झोप लागत होती, धडधड थांबली होती. बोर्गची श्रेणी मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने 15 वर बोट ठेवले. "आधी 13 वाटायचं. वेळ मात्र एकच सेकंद वाढलाय."