आकड्याखालचा शेरा

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका शनिवारी दुपारी एक गृहस्थ आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात मोबाइल, मागे मुलगी. मुलगी आमच्याच महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सलाम-दुआ झाली, चहा आला, पण त्यांचे चहाकडे लक्ष नव्हते. मोबाइल आमच्यापुढे धरून ते म्हणाले, "सर, मॅडम, हे बघा. वीसपैकी नऊ. बारावीला पोरीला अठ्ठ्याहत्तर टक्के होते. कंप्युटर मार्क द्यायला लागला तेव्हापासून हे असं. घरात आमचं बोलणं चाललंय, पुढं शिकवावं का नाही. एक स्थळपण आलंय."

मुलगी खाली बघत होती.

आम्ही दोघे नवरा-बायको एकाच महाविद्यालयात शिकवतो. एक इतिहास, दुसरा अर्थशास्त्र. रात्री जेवणे आटोपली, इशा झाली, की दोघेही शेजारी शेजारी बसून मुलांनी ऑनलाइन सादर केलेले गृहपाठ तपासतो. ते नऊ गुण कोणत्याही कंप्युटरने दिले नव्हते. ते आमच्याच जेवणाच्या टेबलावरून गेले होते. हे सांगताना आम्हाला जरा अवघडल्यासारखे झाले, कारण वडिलांच्या बोलण्यात मशीनवर जो राग होता, तो खरे तर आमच्या वाट्याचा होता.

लोकांचा हा समज उगाच झालेला नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. निकाल इतके रखडले की मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. तेव्हापासून 'ऑनलाइन तपासणी' म्हटले की पालकांच्या पोटात गोळा येतो. पण तिथेही पडद्यासमोर बसून गुण देणारे प्राध्यापकच होते. कागद स्कॅन होऊन आला होता, एवढाच फरक.

आमच्याकडे वर्षभर चालते ते याहून वेगळे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षभराच्या सततच्या मूल्यमापनावर भर दिला, आणि काही विद्यापीठांत आता शंभरातले चाळीस गुण महाविद्यालयाच्या हातात आहेत. एवढे गृहपाठ आणि चाचण्या कागदावर सांभाळणे अवघड. म्हणून अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअर आली. जगभर सर्वांत जास्त चालणाऱ्यांपैकी एक मूडल. मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने ते तयार केले आणि २००२ साली त्याची पहिली आवृत्ती सर्वांसाठी मोफत खुली केली. त्याचे लहानपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले, आणि शाळा रेडिओवरून झाली. शिक्षक लांब असला की काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नसावे. दुसरे आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेले गुगल क्लासरूम, ते २०१४ चे. लॉकडाऊनमध्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते एकदम आले. यांत बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी सॉफ्टवेअर स्वतः तपासते, कारण बरोबर उत्तर आधीच भरून ठेवलेले असते. निबंध, प्रकल्प, गृहपाठ मात्र माणूसच वाचतो.

आता त्या नऊ गुणांकडे येऊ. गृहपाठाचा विषय होता १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना. मुलीने चार पाने सादर केली होती. पहिली तीन पाने गाइडमधून जशीच्या तशी. असे गृहपाठ आम्हाला वासावरून ओळखता येतात. 'सदर योजना' हा शब्द आला की समजावे. पण चौथ्या पानावर एकदम भाषा बदलली होती. तिची दादी त्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. दिवसभर हातोडी चालवून तळहात कसे सोलायचे, कामावर मिळणारी सुकडी ती स्वतः न खाता पदराला बांधून घरी कशी आणायची, मुकादम खडीचे ढीग मोजताना कसा मापात मारायचा, असे सगळे त्या पानावर होते.

आम्ही ते वाचून थांबलो होतो. पानाच्या कडेला, सॉफ्टवेअरमधल्या पिवळ्या चौकोनात लिहिलेही होते, "हे पान फार चांगले आहे. पहिली तीन पाने टाकून दे आणि इथून सुरुवात कर." सुधारून पुन्हा सादर करायची सोय शुक्रवार रात्रीपर्यंत खुली ठेवली होती. म्हणजे आमच्या मनात ते नऊ कच्चे होते. पहिल्या तीन पानांचे नऊ.

पण तिच्यापर्यंत काय पोचले? मोबाइलवर सूचना आली, त्यात फक्त आकडा. गृहपाठाचे पान उघडले तर आकड्याखाली मुख्य शेऱ्याच्या चौकटीत एक इंग्रजी वाक्य, की संदर्भ अपुरे असून सुधारणा आवश्यक आहे. हे वाक्य आम्ही लिहिलेले नव्हते. ते तयार शेऱ्यांच्या यादीतले होते. एकच गोष्ट पन्नास जणांना लिहावी लागते म्हणून शिक्षकाने आपली नेहमीची वाक्ये साठवून ठेवावीत आणि बोट लावून टाकावीत, अशी त्यात सोय असते. रात्रीचे साडेअकरा झाले की ही सोय फार गोड वाटते. आणि कडेचा तो खरा शेरा? तो पाहायचा तर तपासलेली फाइल वेगळी उघडावी लागते, मग ती खाली चौथ्या पानापर्यंत सरकवावी लागते. घरात एक मोबाइल, तो संध्याकाळी अब्बांच्या हातात, आणि अब्बांना पाहायचा होता आकडा. मुलीने ती फाइल उघडलीच नव्हती. शुक्रवार आदल्या दिवशीच उलटून गेला होता.

आम्ही त्यांच्याच मोबाइलवर ती फाइल उघडून दिली. वडिलांनी चौथे पान वाचले. सावकाश वाचले. मग मुलीला विचारले, "हे अम्मांनी तुला कधी सांगितलं? मला तर कधी बोलली नाही." मुलगी म्हणाली, "मी विचारलं होतं." आम्ही आत जाऊन चहा पुन्हा गरम करून आणला.

त्या रात्री आम्ही सॉफ्टवेअरमधल्या नोंदी काढून पाहिल्या. कोणत्या विद्यार्थ्याने कोणते पान कधी उघडले, हे शिक्षकाला दिसते. वर्गातल्या बहुतेकांनी आकडा पाहिला होता आणि पान बंद केले होते. किती रात्री जागून लिहिलेले शेरे जसेच्या तसे पडून होते. राग आला, पण कोणावर काढायचा? आपल्याच शाळेतल्या दिवसांत गुणपत्रिका हातात पडली की 'शेरा' या रकान्याकडे आपण तरी कधी पाहिले?

यावर बाहेर बराच विचार झालेला आहे. रूथ बटलर या संशोधक बाईंनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास शिक्षणशास्त्रात नेहमी सांगितला जातो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचे पुढचे काम सुधारले, त्यांचा रसही टिकला. नुसते गुण मिळालेल्यांचे तसे झाले नाही. आणि खरी गंमत तिसऱ्या गटाची. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, त्यांनाही फायदा झाला नाही. आकडा शेजारी बसला की शेरा गिळला जातो. ती मुले शाळेतली होती, आमची कॉलेजातली. पण आमच्या नोंदवहीतले चित्र याहून वेगळे नव्हते.

म्हणून आम्ही एक बदल केला. सॉफ्टवेअरमध्ये गुण झाकून ठेवता येतात. तपासणी पूर्ण झाली तरी शिक्षक सोडेपर्यंत ते विद्यार्थ्याला दिसत नाहीत. आम्ही शेरे सोमवारी पाठवू लागलो आणि गुण शुक्रवारी. पहिल्या वेळी वर्गात गोंधळ झाला. "सर, मार्क सांगा ना, शेरा काय करायचाय?" स्टाफरूममध्येही टोमणे ऐकले. पण चार दिवस हातात दुसरे काहीच नसल्यावर मुले शेरा उघडू लागली. उघडून भांडूही लागली, "तुम्ही असं का लिहिलंत?" हे भांडण आम्हाला हवे होते.

दुसरा बदल आवाजाचा. शेऱ्याच्या चौकटीत माइकचे चिन्ह असते, ते दाबून बोललेले मुलांना ऐकता येते. आमच्याकडे दोन मिनिटांची मर्यादा आहे आणि ती पुरते. लिहिताना आमची बोटे आपोआप कोरड्या, सरकारी भाषेकडे वळतात. बोलताना आपण माणसासारखे बोलतो, "हे बघ, तिसऱ्या पानावर तू घसरलीस." शिवाय ज्या घरात आईला वाचता येत नाही तिथे आईही ऐकते. एका मुलाने सांगितले की त्याच्या अम्मीने त्याचा शेरा भाकरी थापता थापता तीनदा लावायला सांगितला. तेव्हापासून आम्ही जरा जपून बोलतो.

तयार शेऱ्यांची यादी आम्ही अजून पूर्ण पुसलेली नाही, हेही कबूल करतो. पण त्यातली इंग्रजी वाक्ये काढून मराठी घातली, आणि ती एकटी कधी पाठवायची नाहीत असे ठरवले.

तुमच्या घरात कॉलेजला जाणारे मूल असेल, तर या पडद्यावरच्या एकदोन खाचाखोचा माहीत असलेल्या बऱ्या. पहिली एकूण टक्क्यांची. मुलगा मोबाइल दाखवतो, 'एकूण ७८ टक्के', आणि घरात मिठाई येते. पण मूडलसारख्या प्रणालीत असे ठेवता येते की जे गृहपाठ अजून सादरच झाले नाहीत ते बेरजेत धरायचेच नाहीत. अशा वेळी पाचांपैकी दोनच गृहपाठ दिले असतील तर ते ७८ टक्के त्या दोनांचे असतात. उरलेल्या तीन रिकाम्या जागा वर्षअखेर शून्य होतात, आणि मग घरात वाटते की कॉलेजने मार्क कापले. म्हणून एकूण आकडा न पाहता खालची पूर्ण यादी पाहावी. जिथे गुणांच्या जागी नुसती छोटी आडवी रेघ आहे, तिथे काय राहिले ते विचारावे.

दुसरी वेळेची. मुदत 'शुक्रवार, ००:००' अशी लिहिलेली असते. मुलांना वाटते शुक्रवारची रात्र. ती असते गुरुवारची रात्र संपते ती वेळ. आमच्याच वर्गात या दोन शून्यांनी किती जणांना रडवले आहे. आता आम्ही मुदत रात्री ११:५५ ची ठेवतो, म्हणजे वाद नको. रमजानमध्ये एकदा आम्ही नकळत ती संध्याकाळी साडेसहाची ठेवली होती. इफ्तारच्या ऐन घाईत फाइल चढवणाऱ्या पोरांचे फोन आले तेव्हा आम्हीही खजूर हातात घेऊनच बसलो होतो.

आणि एक, विचारायला लाजू नये. विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहितीच्या अधिकाराखाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. तो खटला केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांचा होता. त्याआधी आमच्या पिढीने कितीतरी परीक्षा दिल्या, पण परीक्षकाने आपल्या पेपरात कुठे रेघ मारली ते कधी पाहिले नाही. आजच्या मुलाच्या खिशात ते असते. ते उघडले जात नाही, ही वेगळी गोष्ट.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. मुदत उलटली होती. तिच्या एकटीसाठी ती वाढवणे आम्हाला बरोबर वाटले नाही. अब्बांना बरोबर घेऊन शिक्षकांच्या दारी येणे सगळ्यांना कुठे जमते? म्हणून पुन्हा सादर करायची सोय सगळ्या वर्गाला आठवडाभर खुली केली. या वेळी सूचनेतच लिहिले, की तपासलेली फाइल उघडा, कडेचे शेरे वाचा. तिने सहा पाने पाठवली, सगळी दादीच्या तोंडून ऐकलेली, मध्ये मध्ये योजनेची माहिती बेताने पेरलेली. आम्ही दोन मिनिटे बोलून शेरा पाठवला, आणि शुक्रवारी वीसपैकी चौदा गुण.

रविवारी सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. आम्हाला वाटले, चौदाच का, असे विचारतील.

"सर, अम्मांना तुमचं बोलणं ऐकवलं," ते म्हणाले. "त्या म्हणतात, पोरीनं एक चूक केलीय आणि तुमच्याही ध्यानात आली नाही. खडी रस्त्याची नव्हती, पाझर तलावाची होती. रस्त्याचं काम पुढच्या साली निघालं. ते आता बदलता येईल का त्यात?"

आम्ही लॅपटॉप उघडला आणि तिच्यासाठी आणखी एक फेरी खुली केली.