ई-रीडर घेताना काय पाहावे?

माल घेताना आपण पोत पाहतो, वजन करतो, मगच भाव बोलतो. ई-रीडर घेतानाही हीच रीत ठेवावी, असे आम्ही व्यापारी व कारागीर बंधूंना सुचवितो.

यात दोन नावे प्रमुख आहेत. अ‍ॅमेझॉनचा किंडल २००७ साली आला; राकुतेनच्या मालकीचा कोबो हा त्याचा प्रतिस्पर्धी. पडदा दोहोंचा ई-इंकचा. पान बदलतानाच त्याला वीज लागते, म्हणून बॅटरी आठवडे पुरते आणि उन्हातही अक्षर स्वच्छ दिसते. येथे दोघे सारखेच.

खरा फरक पुस्तकांच्या फाइलमध्ये आहे. कोबो ईपब फाइल थेट उघडतो. किंडलसाठी ती 'सेंड टू किंडल'मार्गे पाठवावी लागते. ही सोय २०२२ पासून आहे. किंडलच्या दुकानात मात्र २०१६ पासून मराठी पुस्तके मिळतात. तेथून घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने नेण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे यंत्र निवडताना आपण दुकानही निवडतो. पुढे यंत्र बदलले तर जुनी पुस्तके सहज बरोबर येत नाहीत.

कारागिरांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. सहा इंची पडद्यावर मोठ्या पानाची पीडीएफ बारीक दिसते, आणि साध्या ई-इंकवर रंग दिसत नाहीत. नक्षीचे नमुने पाहायचे असतील तर टॅब्लेटच बरा. यंत्र परदेशातून आणविणार असाल, तर हमी येथे चालेल का, हे आधी विचारावे.

शक्यतो आपलीच एखादी फाइल उघडून पाहावी. मगच पैसे मोजावेत.