सुईणीची साक्ष

नोव्हेंबर 1789. केनेबेक नदी गोठू लागली आहे आणि बर्फात एका पुरुषाचं प्रेत अडकलेलं सापडतं. हॅलोवेल गावची सुईण मार्था बॅलर्ड हिला ते तपासायला बोलावतात. अंगावरच्या खुणा पाहून ती सांगते, हा बुडून मेलेला नाही, याला मारलंय. हार्वर्डहून शिकून आलेला तरुण डॉक्टर मात्र अपघात ठरवून मोकळा होतो. मेलेला माणूस कोण? धर्मोपदेशकाची बायको रिबेका फॉस्टर हिने ज्या दोघांवर बलात्काराचा आरोप केला, त्यांतला एक. दुसरा खुद्द न्यायाधीश जोसेफ नॉर्थ.

एरियल लॉहॉन यांची 'द फ्रोझन रिव्हर' ही कादंबरी 2023 मध्ये आली. त्यातला खून कल्पित आहे. मार्था, रिबेका, न्यायाधीश नॉर्थ आणि रिबेकाने केलेला आरोप मात्र खरे. हॅलोवेल आज अमेरिकेतल्या मेन राज्यात आहे, तेव्हा तो मुलूख मॅसॅच्युसेट्सचा होता.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते मार्थाच्या रोजनिशीमुळे. वयाच्या पन्नाशीत, 1785 साली तिने ती लिहायला घेतली आणि 1812 पर्यंत, मरेपर्यंत, लिहिली. हवा कशी होती, नदी कशी ओलांडली, कुणाचं बाळंतपण केलं, त्याचे किती पैसे मिळाले. या काळात तिने 816 बाळंतपणं केली. त्याआधी, 1769 मध्ये, घटसर्पाच्या साथीत तिच्या स्वतःच्या तीन मुली गेल्या होत्या. पुढे 1870 सालच्या एका नगर-इतिहासाने या वहीत सर्वसाधारण वाचकाला रस वाटावा असं फारसं काही नाही, असा शेरा मारला. बायकांच्या कामाच्या नोंदींना इतिहास मानायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. लॉरेल थॅचर अल्रिच यांनी ती वही ओळ न् ओळ लावून 'अ मिडवाइफ्स टेल' लिहिलं (1990) आणि त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. लॉहॉन यांची कादंबरी याच पायावर उभी आहे.

त्या काळच्या कायद्याची एक गोष्ट कळल्याशिवाय रिबेकाची कोंडी कळत नाही. लग्न न झालेली मुलगी अडली की ऐन कळांमध्ये सुईण तिला विचारायची, मूल कुणाचं? अशा वेळी बाई खोटं बोलत नाही, अशी समजूत होती. तिने घेतलेलं नाव सुईण ध्यानात ठेवायची आणि गरज पडली तर कोर्टात सांगायची. त्यावरून पुरुषावर मुलाच्या पोटगीचा बोजा पडे. 1791 मध्ये सॅली पियर्सच्या बाळंतपणात मार्थाने हाच प्रश्न विचारला. सॅलीने नाव घेतलं जोनाथनचं, म्हणजे मार्थाच्या सख्ख्या मुलाचं. मार्थाने ते तसंच्या तसं वहीत उतरवलं. पुढे दोघांचं लग्न झालं. मला ही नोंद कादंबरीतल्या कुठल्याही प्रसंगाहून मोठी वाटते.

म्हणजे पोराच्या पोटगीचा प्रश्न असला की बाईचा शब्द कोर्टात चालायचा. बलात्काराचा आरोप केला की तोच शब्द अपुरा पडायचा. त्यात या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा, म्हणून दोषी ठरवताना पंच कचरत. शिवाय समोर आरोपी खुर्चीवरचा न्यायाधीश, आणि रिबेकाच्या नवऱ्याचं तर गावाशी आधीच वाजलेलं.

मार्थाही रिबेकाच्या बाजूने लगेच उभी राहिली नव्हती. 1789 च्या ऑगस्टमध्ये रिबेकाने तिच्यापाशी मन मोकळं केलं, तेव्हा मार्थाने तिला हे कुणाजवळ बोलू नकोस अशी विनवणी केली. बोललीस तर तुझीच अब्रू जाईल, तूच धुळीला मिळशील, असं तिने बजावलं. हे तिनेच डिसेंबरमध्ये वहीत लिहून ठेवलं आहे. गावातल्या प्रत्येक घरात जिचा वावर, त्या शहाण्या बाईचा हा सल्ला होता. त्यात दुष्टावा नव्हता, पोटतिडीक होती, आणि म्हणूनच तो वाचताना जीव गलबलतो. रिबेकाने तो मानला नाही. तिने शपथेवर आरोप केला.

जुलै 1790 मध्ये पौनलबरोच्या कोर्टात खटला उभा राहिला. मार्थालाही तिथवर जावं लागलं. नॉर्थ सुटला. ज्यांच्या ज्यांच्याशी बोलणं झालं त्या सगळ्यांना या निकालाचं नवल वाटलं, एवढं मार्थाने लिहिलं आणि ती पुन्हा कामाला लागली.

लॉहॉन इथे थांबल्या नाहीत. त्यांनी घटनांचा काळ आवळून एका हिवाळ्यात बसवला, रिबेकाच्या पोटी त्या अत्याचाराचं मूल वाढवलं आणि कोर्टाने जे दिलं नाही ते कादंबरीच्या शेवटी दुसऱ्या वाटेने दिलं. वाचताना हायसं वाटतं, हे खरं. पण त्या शेवटात न्याय मार्थाच्या हातून घडतो आणि रिबेका मागे राहते. ती इतिहासातही मागेच राहिली होती. तिच्या हातची ओळ आपल्यापुढे नाही. जे आहे ते बहुतेक मार्थाने ऐकलेलं. तरी स्वतःच्या विश्वासातल्या सुईणीनेही गप्प राहा म्हटल्यावर न्यायाधीशाचं नाव घ्यायला ती गेली होती. कादंबरीत मार्थाचं धाडस पानोपानी दिसतं. मला वाटतं, त्याआधी रिबेकाच्या धाडसाला निदान एक अख्खं प्रकरण मिळायला हवं होतं, तिच्याच तोंडून.