बोटीच्या इंजिनाला प्रोग्रॅमेबल सीडीआय टाकायचंय?

परवा उजनीच्या पाण्यावर, कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला गेलो. सगळे पक्ष्यांकडे बघत होते, माझे कान मागच्या आउटबोर्ड इंजिनाकडे. लोणी भापकरला गाड्यांची कामं करतो, सवय जात नाही!

नावाडी म्हणाला, "दादा, हिला प्रोग्रॅमेबल सीडीआय टाकलं तर पळंल का?"

पळंल, पण जरा थांबा.

पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. वेग बदलला की ठिणगीचं टायमिंगही बदलायला हवं, आणि ती ठिणगी कधी पाडायची ते सीडीआय युनिट ठरवतं. प्रोग्रॅमेबल युनिटमध्ये वेगाप्रमाणे टायमिंगचा आलेख लॅपटॉपवर आपणच आखतो.

मोटारसायकलचा आलेख बोटीला चालत नाही. रस्त्यावर उतार येतो, आपण थ्रॉटल सोडतो. पाण्यात पंख्यावरचा लोड हटतच नाही. टायमिंग जास्त पुढं घेतलं की नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून ठोके बसणं), आणि इंजिनाच्या आवाजात ते कळतही नाही. नॉकिंगनं भोक पडलेला पिस्टन मी हातात घेतलाय. करंगळी आरपार जात होती. रॉकेलवरचं इंजिन तर आणखी लवकर नॉक करतं.

घेताना बघा: सिलिंडर किती, पिकअप (क्रँक कुठं आहे ते सांगणारा सेन्सर) कुठला, बॅटरी आहे की नुसता मॅग्नेटो. रेव्ह लिमिटर हवाच, कारण पंखा पाण्याबाहेर आला की इंजिन बेफाम फिरतं. बंदिस्त इंजिनखोली असेल तर पेट्रोलची वाफ पेटणार नाही असं सीलबंद, बोटीसाठीचंच युनिट घ्या.

नावाड्याला मात्र मी प्लग बदलून दिला. पक्षी दाखवायला वेग कशाला?

तुमचं इंजिन कुठलं? बिनधास्त विचारा.