दुसरी पसंती दिल्याने मत फुटत नाही

विधान परिषदेची पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की कार्यकर्ते बजावतात, 'आमच्यापुढे १ लिहा, बाकी कोरं सोडा. दुसरी पसंती दिलीत तर आपलंच मत फुटेल.' हे धादांत खोटं आहे, आणि शिकलेली माणसंही ते मानतात याचं वाईट वाटतं. तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार शर्यतीत आहे तोवर त्या मतपत्रिकेवरच्या २ कडे कुणी पाहतही नाही. तो बाद झाला तरच ती पुढच्या गठ्ठ्यात जाते. म्हणजे एका माणसाची दोन मतं मोजली जातात, हीही तक्रार टिकत नाही. कोणत्याही फेरीत मतपत्रिका एकाच गठ्ठ्यात असते.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबद्दल तर हमखास गफलत होते. व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीवर निवडून आले, म्हणजे आधी ते मागे होते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या पसंतीची मतं अशी होती: गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. विजयाचा कोटा ४,१८,१६९. गिरी पुढेच होते, कोट्याला कमी पडले इतकंच. बाकीचे उमेदवार बाद होत गेले तशी बहुतेक मतं उलट रेड्डींकडे वळली: त्यांना जवळपास ९२ हजारांची भर, गिरींना साडेअठरा हजारांची. तेवढी गिरींना पुरली. शेवटी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७.

पहिल्या फेरीतला पुढचा उमेदवार कधी हरतच नाही, असं मात्र नाही. ब्रिटनच्या मजूर पक्षाने २०१० मध्ये नेता निवडला तेव्हा डेव्हिड मिलिबँड सुरुवातीला आघाडीवर होते, अखेरच्या फेरीत धाकटे बंधू एड ५०.६५ टक्क्यांनी जिंकले. याला चोरी म्हणणं मला पटत नाही. डेव्हिडना पहिल्या फेरीत ३८ टक्केही मिळाले नव्हते. उरलेल्यांना त्या दोघांपैकी कोण हवा, हे विचारायला नको?

आपल्याकडे मतं वाया जातात ती खुणेपायी. पदवीधरच्या मतपत्रिकेवर आकडाच लिहायचा. बरोबरची खूण केली किंवा 'एक' असं अक्षरी लिहिलं, तर मत बाद. १ हा आकडा एकाच नावापुढे हवा आणि केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच. पुढच्या पसंती द्यायच्या की नाही, ही तुमची मर्जी.